जुन्या मालिका दाखवणाऱ्या चॅनेल्सवर जाहिराती वाढतच का जातात?

पिट्सबर्गकर

मंडळी, इथे टीव्हीवेडे बरेच आहेत म्हणून विचारतोय. अमेरिकेत जुन्या मालिका किंवा जुने सिनेमे दाखवणारं केबल चॅनेल नवीन येतं तेव्हा जाहिराती नसतात, किंवा अगदी किरकोळ असतात. लोक प्रेमात पडतात. मग काही वर्षांत एक ब्रेक, मग दोन, आणि शेवटी अशी वेळ येते की मालिका मधेमधे लागते आणि जाहिराती मुख्य कार्यक्रम होतात.

एएमसी घ्या. मूळचं अमेरिकन मूव्ही क्लासिक्स. 1984 साली सुरू झालं तेव्हा सिनेमा अखंड, मधे काही नाही. 2002 पासून सिनेमाच्या मधोमध जाहिराती. बूमरँग 2000 साली जुन्या कार्टूनसाठी आलं, बरीच वर्षं जाहिरातींशिवाय चाललं, 2014-15 च्या सुमारास तिथेही नेहमीच्या जाहिराती आल्या. टीव्ही लँड 1996 ला आलं तेव्हा ब्रेकमध्येसुद्धा जुन्या काळातल्याच जाहिराती दाखवायचे, रेट्रोमर्शियल म्हणायचे त्यांना, आणि लोक त्याही हौसेने बघायचे. तीही मजा टिकली नाही.

मला कळत नाही ते हे. मालिका जुनीच, शूटिंग नाही, सेट नाही, सगळं कधीच बनवून झालेलं. मग खर्च कशाचा वाढतो की जाहिराती वाढवाव्या लागतात? माझं मत विचाराल तर हा निव्वळ हावरटपणा आहे, पण जाणकारांनी सांगावं.

मीरा_क

हावरटपणा +१. प्रेक्षक अडकला की मग पिळायचा.

केबलवाला_निवृत्त

पिट्सबर्गकर, चांगला विषय काढलात. मी बरीच वर्षं एका केबल कंपनीत चॅनेलवाल्यांशी करार करणाऱ्या विभागात काम केलंय (कंपनीचं नाव नको), त्यामुळे जरा लांब लिहितो, सांभाळून घ्या.

केबल चॅनेलला पैसे दोन बाजूंनी मिळतात. एक, केबल कंपनी दर ग्राहकामागे दर महिन्याला जे देते ते. दोन, जाहिराती. ईएसपीएनसारख्या खेळांच्या चॅनेलना ग्राहकामागे कित्येक डॉलर मिळतात, जुन्या मालिकांच्या चॅनेलला काही सेंट. हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता 80-90 च्या दशकात केबलच्या वायरवर जागाच मर्यादित होती. ॲनालॉगचा जमाना, गावोगावच्या सिस्टिमवर चाळीस-पन्नास चॅनेल मावायचे, आणि रांगेत शेकडो उभे. त्यामुळे नवीन चॅनेल ऑपरेटरच्या, म्हणजे केबल कंपनीच्या, दारात यायचं ते हात जोडून. सुरुवातीला फुकट घ्या, सवलतीत घ्या, काही जण तर उलट पैसे द्यायचे. फॉक्स न्यूजने 1996 मध्ये ऑपरेटरला ग्राहकामागे दहा डॉलरपर्यंत दिले होते, ते तर जगजाहीर आहे. अशा वेळी 'आमच्याकडे जाहिराती नाहीत' हे चॅनेलचं विकण्याचं कारण असायचं. ऑपरेटरलाही ते आवडायचं, कारण ग्राहकाला सांगता यायचं की बघा, तुमच्या पॅकेजमध्ये हेही आहे.

आणि दुसरी गोष्ट, जी बाहेर फारशी कोणाला माहीत नसते. सुरुवातीला जाहिराती नसतात याचं एक साधं कारण म्हणजे जाहिराती विकल्याच जात नाहीत! नील्सनचे (टीव्ही कोण किती बघतं ते मोजणारी कंपनी) आकडे मिळण्याइतकी घरंच नसतात त्या चॅनेलकडे. आकडा नाही तर जाहिरात एजन्सी फोनसुद्धा उचलत नाही. मग रिकाम्या जागेत स्वतःचेच प्रोमो लावा, जुन्या जाहिराती लावा. चॅनेल चार-पाच कोटी घरांत पोचलं की आकडे यायला लागतात, आणि मग विक्री विभाग स्थापन होतो. एकदा विक्री विभाग झाला की त्याला दरवर्षी वाढीव टार्गेट मिळतं. तिथून मागे येणं नाही.

म्हणजे जाहिराती नंतर 'आल्या' असं प्रेक्षकाला वाटतं. मालकाच्या कागदावर त्या पहिल्या दिवसापासून असतात, फक्त कधी हे ठरायचं असतं.

डोंबिवलीकर

काका, हा प्रतिसाद जपून ठेवतोय. जाहिराती विकल्या जात नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

रेडिओवेडा

पिट्सबर्गकर, 'सगळं बनवून झालेलं, खर्च कसला' हे पूर्ण बरोबर नाही. जुनी मालिका दाखवायचा परवाना विकत घ्यावा लागतो, ठरावीक वर्षांसाठी, ठरावीक वेळा दाखवण्यासाठी. आणि जुनं म्हणजे स्वस्त हे फक्त कोणालाच ते नको असतं तोपर्यंत. निक ॲट नाईट 1985 च्या जुलैत सुरू झालं तेव्हा कृष्णधवल मालिका कोणी विचारत नव्हतं, त्यामुळे द डॉना रीड शो, मिस्टर एड वगैरे स्वस्तात मिळाल्या. मुलांचं चॅनेल रात्री रिकामं राहायचं, ती वेळ भरून काढायला केलेला तो प्रयोग. तो चालला. मग सगळ्यांना कळलं की या अडगळीत पैसा आहे. स्टुडिओवाल्यांनी भाव वाढवले, चार चॅनेल एकाच मालिकेवर बोली लावायला लागले.

शिवाय कलाकारांचे पुनःप्रसारणाचे पैसे. 1960 साली हॉलिवूडच्या नटांनी संप केला तो याच मुद्द्यावर, सिनेमा टीव्हीवर दाखवला तर आम्हाला काय. त्या वेळी त्यांच्या संघटनेचा अध्यक्ष कोण होता माहितीये का? रोनाल्ड रेगन.

टेक्सासची_माऊ

रेगन संपावर!! हे आमच्या सासऱ्यांना सांगायलाच हवं 😀

गोदाकाठ

मला यात अजून एक कारण दिसतं आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं. बघणाऱ्याचं वय.

अमेरिकेत टीव्हीची जाहिरात वर्षानुवर्षं 18 ते 49 या वयोगटाच्या हिशोबाने विकली गेली. कारण काय, तर तरुण माणूस ब्रँड बदलतो, म्हाताऱ्याच्या सवयी पक्क्या असतात. खरं खोटं देव जाणे, पण दर त्यावर ठरतात. जुन्या मालिका बघणारे बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. म्हणजे तेवढेच प्रेक्षक असूनही मिनिटाचा दर कमी. मग तेवढेच पैसे मिळवायचे तर मिनिटं जास्त विकायची. याचा परिणाम असा की ज्यांच्याकडे वेळ आहे, जे चॅनेल न बदलता निष्ठेने बसतात, त्यांनाच जास्त जाहिराती. यात मला अन्याय दिसतो. जो माणूस 1965 साली ती मालिका पहिल्यांदा बघायला बसला होता, त्याला आज तीच मालिका सगळ्यात वाईट अवस्थेत बघावी लागते.

केबलवाला_निवृत्त

@गोदाकाठ, अगदी नेमकं. दर कमी म्हणून मिनिटं जास्त, मिनिटं जास्त म्हणून लोक कंटाळतात, लोक गेले म्हणून दर अजून कमी. ऑफिसात सगळ्यांना हे दिसतं, पण या तिमाहीचा आकडा गाठायचा असतो.

अपर्णा_न

आई इथे सहा महिने राहायला आली की दुपारी जुन्या मालिकांचं चॅनेल लावून बसते. इंग्रजी फार कळत नाही पण म्हणते, यातली माणसं सावकाश बोलतात आणि कोणी कोणाला मारत नाही, म्हणून बरं वाटतं. तिला मालिकेपेक्षा जाहिरातीच पाठ झाल्यात. औषधांच्या. गुडघे, साखर, झोप, आणि शेवटी भराभरा दुष्परिणामांची यादी. मला विचारते, अगं हे औषध घेतलं तर एवढं सगळं होणार असेल तर टीव्हीवर सांगतात कशाला?

तिला आता कसं सांगू की सांगणं कायद्याने भाग आहे.

रेडिओवेडा

@अपर्णा_न, त्याचीही तारीख आहे. 1997 मध्ये एफडीएने (अमेरिकेचं औषध नियामक खातं) नियम सैल केले, त्याआधी टीव्हीवर डॉक्टरच्या चिठ्ठीच्या औषधाचं नाव आणि ते कशावर आहे हे दोन्ही सांगायचं तर दुष्परिणामांची जवळजवळ सगळी माहिती वाचून दाखवावी लागायची, ते परवडायचं नाही. 97 नंतर मुख्य धोके सांगितले आणि बाकीची माहिती कुठे मिळेल ते सांगितलं की झालं. आणि त्या जाहिरातींना हवा होता नेमका तोच प्रेक्षक जो जुन्या मालिका बघतो. ऑक्टोबरच्या मध्यापासून 7 डिसेंबरपर्यंत मेडिकेअरच्या (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) योजना बदलायची मुदत असते, त्या काळात जुन्या मालिकांचं कुठलंही चॅनेल लावून बघा, दुसरं काही दिसणार नाही.

पिंपळपान

जाहिराती लागल्या तर चहा टाकता येतो, त्याचं मला एवढं नाही. मालिका कापतात त्याचा राग येतो, आणि धाग्यात ते अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

गणित बघा. साठच्या दशकात तासाभराच्या मालिकेचा भाग साधारण 50 मिनिटांचा असायचा. स्टार ट्रेक, 1966 ची मूळ मालिका, जी आपल्याकडे दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागायची, तिचा भाग 50 मिनिटांचा. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिका 25-26 मिनिटांच्या. आजच्या तासाभराच्या मालिका 42-44 मिनिटांत संपतात, कारण त्या मुळातच जास्त जाहिराती धरून लिहिलेल्या असतात. आता 50 मिनिटांचा भाग 44 मिनिटांच्या भोकात कसा घालणार? सहा मिनिटं कापून.

आणि काय कापतात? गोष्ट पुढे नेणारा प्रसंग कापता येत नाही. म्हणून कापला जातो तो माणसांचा प्रसंग. दोघं जण व्हरांड्यात बसून काही खास न बोलता गप्पा मारतायत. अँडी ग्रिफिथच्या मालिकेचा सगळा जीव त्यात आहे, गिटार वाजवत, लिंबाचं सरबत पीत बसलेली माणसं. शेवटचा छोटा तुकडा असायचा, श्रेयनामावलीच्या आधीचा, विनोदाचा, तो तर हमखास जातो. मी एक भाग डीव्हीडीवर पाहिला आणि मग तोच एका चॅनेलवर पाहिला, तर एक पात्र चक्क एकच वाक्य बोलून गायब, का आलं का गेलं पत्ता नाही. लेखकाने, दिग्दर्शकाने ठरवलेला ताल असतो हो त्याला. तो मोडला की उरतो तो नुसता सांगाडा, आणि नवीन पिढी तो बघून म्हणते की जुन्या मालिका तुटक वाटतात!

मीरा_क

पिंपळपान, टाळ्या. एकदम मनातलं.

शिकागोचा_वारा

@पिंपळपान, तुमच्याशी सहमत, आणि एका चॅनेलने याचं उलट केलं होतं तेही नोंदवायला हवं. 1998 मध्ये साय-फाय चॅनेलने स्टार ट्रेक न कापता दाखवलं. त्यासाठी एका भागाला दीड तासाचा स्लॉट दिला! मधे मालिकेतले मुख्य नट शॅटनर आणि निमॉय येऊन आठवणी सांगायचे. म्हणजे भाग पूर्ण, पण जाहिरातीही भरपूर. मला तो सौदा मान्य आहे. जाहिराती दाखवा, हवं तर वेळ वाढवा, पण मूळ वस्तूला हात लावू नका.

आणि कापण्याहून वाईट प्रकार आहे तो वेग वाढवण्याचा. टीबीएस चॅनेलवर साइनफेल्ड या विनोदी मालिकेचे भाग किंचित वेगाने पळवतात हे एकाने दोन चित्रफिती शेजारी ठेवून दाखवलं होतं, त्यावर पेपरात बातम्याही आल्या. आठ-नऊ टक्के वेग वाढवला की अर्ध्या तासात दोनेक मिनिटं सुटतात, म्हणजे जाहिरातींचे चार तुकडे. आवाजाची पट्टी संगणकाने खाली आणतात म्हणून चट्कन कळत नाही. पण विनोदात थांबण्याला किंमत असते. अर्धा सेकंद आधी हशा आला की विनोद मेला.

डोंबिवलीकर

बापरे. म्हणजे मला इतकी वर्षं वाटत होतं माझं इंग्रजी कच्चं आहे म्हणून ते फास्ट बोलतायत असं वाटतं 😂

टेक्सासची_माऊ

😂😂 डोंबिवलीकर, फास्ट लोकल तुमच्या सवयीची असेल की.

आजोबा_ठाणे

मी भारतातून लिहितो. विषय तिकडचा आहे पण आमच्याकडेही त्याचं एक टोक आहे म्हणून.

1995 साली इकडे कार्टून नेटवर्क आलं तेव्हा ते आणि टीएनटी एकाच चॅनेलवर होते. दिवसभर कार्टून, आणि रात्री मुलांना झोपायला पाठवलं की त्याच जागी एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओचे जुने कृष्णधवल सिनेमे. आमच्या ऑफिसातले दोघं-तिघं आणि मी, आम्ही दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी त्यावर बोलायचो. तेव्हा हे माहीत नव्हतं की टर्नर नावाच्या माणसाने तो सगळा खजिना विकत घेतलाय म्हणून आम्हाला ते ठाण्यात बसून दिसतंय.

जाहिरातींचं म्हणाल तर भारतात नियम आहे. केबल टीव्हीच्या नियमावलीत तासाला 12 मिनिटं, त्यातली 10 व्यापारी जाहिरातींची आणि 2 चॅनेलच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. ट्रायने (दूरसंचार आणि प्रसारणाचा नियामक) 2013 मध्ये तो कडक लावायचं ठरवलं तर चॅनेलवाले दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि प्रकरण वर्षानुवर्षं तिथेच राहिलं. त्यामुळे नियम पुस्तकात आहे, घड्याळ लावून बसलात तर कळेल पाळला कुठे जातो ते. अमेरिकेत असा काही नियम आहे का?

रेडिओवेडा

@आजोबा_ठाणे, नमस्कार आजोबा. मोठ्यांच्या कार्यक्रमांसाठी नाही. मुलांच्या कार्यक्रमांसाठी आहे, 1990 चा कायदा, आठवड्याच्या दिवशी तासाला 12 आणि शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं, आणि तो केबललाही लागू आहे. मोठ्यांसाठी पूर्वी प्रसारकांच्या संघटनेची स्वतःची आचारसंहिता होती, रात्रीच्या मुख्य वेळेत तासाला साधारण साडेनऊ मिनिटं. गंमत म्हणजे ती सरकारनेच मोडली. 1979 मध्ये न्याय खात्याने दावा लावला की सगळ्यांनी मिळून जाहिरातींची वेळ मर्यादित ठेवणं म्हणजे संगनमत, त्याने जाहिरातीचे दर कृत्रिमपणे चढे राहतात. 80 च्या दशकाच्या सुरुवातीला ती संहिता गेली, 1984 मध्ये एफसीसी या प्रसारणावरच्या सरकारी आयोगानेही स्वतःची बंधनं काढली. स्पर्धा वाढावी म्हणून केलं, आणि प्रेक्षकाच्या वाट्याला काय आलं ते दिसतंच आहे.

आणि हो, तुमच्या ठाण्याच्या रात्रींमागचा माणूस टेड टर्नर. त्याने 1986 मध्ये एमजीएम घेतलं, स्टुडिओ परत विकून टाकला पण सिनेमांचा संग्रह ठेवला. लोक त्याला वेडा म्हणाले होते.

लंडनची_सून

इकडे ब्रिटनमध्ये ऑफकॉम या प्रसारण नियामकाचा नियम आहे, कुठल्याही एका तासात 12 मिनिटांच्या वर जाहिराती नाहीत, आणि तो पाळला जातो. 2015 ला सुरू झालेलं टॉकिंग पिक्चर्स टीव्ही नावाचं चॅनेल आहे, एका कुटुंबाने चालवलेलं, जुने ब्रिटिश सिनेमे आणि मालिका, फुकट दिसतं. जाहिराती आहेतच, पण सहन होतात. मला वाटतं मालक कोण आहे याने फार फरक पडतो. तिथे मालक स्वतः तो सिनेमा बघतात.

मीरा_क

@लंडनची_सून, म्हणजे शेवटी हावरटपणाच ना? मोठी कंपनी असली की हावरटपणा, घरातलं असलं की नाही.

केबलवाला_निवृत्त

मीराताई, हावरटपणा नाही असं मी म्हणणार नाही. पण नुसतं तेवढं म्हटलं तर टीसीएमचं काय करायचं? टर्नर क्लासिक मूव्हीज, 14 एप्रिल 1994 ला सुरू झालं, मालक बदलत बदलत आज महाकाय कंपनीच्या पोटात आहे, आणि तरीही अमेरिकेत ते सिनेमाच्या मधे जाहिराती दाखवत नाही. तीस वर्षं झाली.

मला यातलं खरं कारण मालकी वाटतं. सिनेमांची मालकी. टीसीएमच्या घरात एमजीएमचा 1986 पर्यंतचा संग्रह, आरकेओ स्टुडिओचे सिनेमे, वॉर्नरचे 1950 च्या आधीचे सिनेमे, सगळं स्वतःचं. एएमसीकडे स्वतःचं काही नव्हतं, सगळं भाड्याने. टीसीएम आलं तसे चांगले सिनेमे एएमसीला मिळेनासे झाले, जे मिळत होते ते महाग. भाडं भरायचं तर पैसे कुठून? ग्राहकामागचे सेंट वाढवून मागितले तर ऑपरेटर म्हणणार (मीच म्हटलंय कित्येकदा) की तुमच्यासारखं दुसरं आहे आमच्याकडे. मग उरल्या जाहिराती. आणि जाहिरातीवाल्याला तरुण प्रेक्षक हवा, म्हणून जुने सिनेमे कमी, नवे जास्त, आणि शेवटी 2007 ला मॅड मेन, 2008 ला ब्रेकिंग बॅड. चॅनेल वाचलं, क्लासिक्स गेले. टीव्ही लँडनेही 2010 पासून स्वतःच्या नव्या मालिका काढल्या, तोच रस्ता.

टीसीएम ऑपरेटरच्या पैशावर जगतं, आणि त्याची किंमतही मोजतं. 2019 मध्ये कॉमकास्ट या केबल कंपनीने त्याला उचलून स्पोर्ट्सच्या महागड्या पॅकेजमध्ये टाकलं! जुने सिनेमे बघणाऱ्या आजीने स्पोर्ट्सचं पॅकेज घ्यायचं. 2023 मध्ये तिथले वरिष्ठ लोक काढले तेव्हा स्पीलबर्ग, स्कोर्सेसी आणि पॉल थॉमस अँडरसन यांनी थेट कंपनीच्या प्रमुखाशी बोलणं केलं. जाहिराती नसलेलं चॅनेल टिकवायला एवढी मोठी माणसं उभी राहावी लागतात.

पिंपळपान

रॉबर्ट ऑस्बर्न. फक्त नाव लिहितो. 1994 पासून 2017 ला वारले तोवर टीसीएमचा चेहरा. सिनेमा सुरू व्हायच्या आधी दोन-तीन मिनिटं बोलायचे, घरातला जाणता माणूस सांगतो तसं. ती दोन-तीन मिनिटं दुसऱ्या चॅनेलने विकली असती.

गोदाकाठ

ऑस्बर्नसाठी +१०००.

पिट्सबर्गकर

धागा फारच छान चाललाय, सगळ्यांचे आभार. केबलवाले काका, तुमचं मालकीचं म्हणणं पटतं, पण एक शंका. टीव्ही लँड आणि बूमरँगच्या मालकांकडे तर भरपूर स्वतःचं होतं ना? बूमरँग तर टर्नरच्याच घरातलं, हॅना-बार्बेराचा सगळा संग्रह त्यांचाच. तिथे भाड्याचा प्रश्न नव्हता. तरी जाहिराती आल्याच. म्हणून मी अजून माझ्या शब्दावर आहे.

केबलवाला_निवृत्त

शंका रास्त आहे. त्याचं उत्तर तारखेत आहे. 2014-15. तोपर्यंत लोक केबल तोडायला लागले होते. ग्राहक कमी झाले की ग्राहकामागचे सेंट आपोआप कमी, चॅनेलने काहीही चूक केली नसली तरी. मोठ्या कंपनीत प्रत्येक चॅनेलला विचारलं जातं, तू वर्षाला किती आणतोस. जे बिचारं फक्त सेंटवर होतं त्याला दुसरा खिसा उघडावा लागला. टीसीएमने पर्याय म्हणून वाईन क्लब, क्रूझ, महोत्सव काढले. कार्टूनच्या चॅनेलला वाईन विकता येत नाही.

पण तुमच्या बाजूनेही एक आकडा देतो. नील्सनप्रमाणे 2009 मध्ये केबल चॅनेल्सवर तासाला सरासरी 14 मिनिटं 27 सेकंद जाहिराती होत्या, 2013 मध्ये 15 मिनिटं 38 सेकंद. चार वर्षांत तासाला मिनिटाहून जास्त वाढ. शिवाय प्रत्येक तासात साधारण दोन मिनिटं चॅनेलची नसतातच, ती करारानेच केबल कंपनीला द्यायची असतात, तुमच्या गावातला गाडीवाला, वकील, गाद्यांचं दुकान दिसतं ना, ती ती. त्यामुळे 'एक ब्रेक कमी करा' म्हणायला चॅनेल पूर्ण मोकळंही नसतं.

शिकागोचा_वारा

मी वेगळी बाजू मांडतो. माझ्या मते सगळ्यात सरळ व्यवहार मीटीव्ही या जुन्या मालिकांच्या चॅनेलचा आहे. आमच्या शिकागोच्या वायगेल ब्रॉडकास्टिंगचं. 2009 च्या जूनमध्ये अमेरिकेतलं प्रसारण डिजिटल झालं, एका फ्रिक्वेन्सीवर चार-पाच उपचॅनेल मावायला लागली, स्टेशनवाल्यांना कळेना तिथे काय दाखवायचं. 2010 च्या डिसेंबरात मीटीव्ही देशभर गेलं, पाठोपाठ 1 जानेवारी 2011 ला अँटेना टीव्ही. घरावर किंवा खिडकीत अँटेना लावा, फुकट बघा. जाहिराती पहिल्या दिवसापासून. कोणी वचन दिलं नाही की कोणी मोडलं नाही. शनिवारी रात्री स्वेनगूली येतो, जुना भुताचा सिनेमा दाखवतो, माझी मुलं वाट बघतात त्याची.

कापतात का? हो, कापतात, पिंपळपान यांचा मुद्दा तिथेही लागू आहे आणि त्याचं दुःख मलाही आहे. पण महिन्याला केबलचे शंभर-सव्वाशे डॉलर देऊन वर कापलेलं बघणं आणि शून्य डॉलर देऊन कापलेलं बघणं यात मला फरक वाटतो.

अपर्णा_न

शिकागोचा वारा, अँटेना कुठला घेतलात? आम्ही टॉवर्सपासून बरेच लांब आहोत. आईसाठी लावायचा विचार आहे.

शिकागोचा_वारा

@अपर्णा_न, आधी एफसीसीच्या साईटवर तुमचा पत्ता टाकून बघ कुठली स्टेशनं किती जोरात येतात आणि कुठल्या दिशेला. लांब असाल तर खिडकीतल्या चपट्या अँटेनावर पैसे घालवू नकोस, माळ्यावर किंवा छतावर मोठा लाव. व्हीएचएफ आणि यूएचएफ (टीव्हीच्या दोन लहरपट्ट्या) दोन्ही धरणारा बघ.

साधा_माणूस

मंडळी स्ट्रीमिंगवरही हेच चाललंय ना? नेटफ्लिक्सने 2022 च्या नोव्हेंबरात जाहिरातींचा स्वस्त प्लॅन आणला. ॲमेझॉन प्राइमने 2024 च्या जानेवारीत अमेरिकेत सगळ्यांनाच जाहिराती सुरू केल्या, नको असतील तर वर पैसे द्या. भारतात 2025 च्या जूनपासून. आधी ग्राहक गोळा करायचे, मग जाहिराती. केबलवाले काकांनी सांगितलेलीच चाल.

आजोबा_ठाणे

प्राइमचं आमच्याकडे पण झालं. नातवाला वाटलं टीव्ही बिघडला.

रेडिओवेडा

@साधा_माणूस, होय, आणि जुन्या मालिकांचा मोठा भाग आता प्लूटो, ट्यूबीसारख्या फुकट पण जाहिरातींच्या सेवांवर गेलाय. व्हायाकॉमने 2019 मध्ये प्लूटो घेतलं 34 कोटी डॉलरला, म्हणजे ज्यांचं निक ॲट नाईट आणि टीव्ही लँड त्यांनीच. एक चांगली गोष्ट म्हणजे तिथे ठरावीक तासात बसवायची सक्ती नसते, मागणीनुसार लावला तर भाग पुष्कळदा पूर्ण लांबीचा मिळतो. जाहिरात भलत्याच ठिकाणी, वाक्य अर्धवट तोडून येते, तो वेगळा छळ. पूर्वी लेखक ब्रेकची जागा ठरवून प्रसंग लिहायचा, तिथे ती आली तर खुपत नाही.

पिट्सबर्गकर

मग मूळ प्रश्नाकडे येतो, जरा बदलून. समजा उद्या कोणी जुन्या मालिकांचं चॅनेल काढलं, पूर्ण लांबीचे भाग, मधे एकही जाहिरात नाही, आणि थेट आपल्याकडून महिन्याला पैसे मागितले. किती जण देतील? मी पाच डॉलर आनंदाने देईन. आपल्यासारखे पुरेसे लोक असतील का, की परवान्यांचा खर्च निघेल?

गोदाकाठ

मी देईन.

मीरा_क

पाच ठीक. पंधरा नाही.

टेक्सासची_माऊ

दोन महिने देईन, सगळं बघून घेईन आणि बंद करीन, खरं तेच सांगते.

केबलवाला_निवृत्त

@टेक्सासची_माऊ, याच कारणाने कोणी काढत नाही हो! केबलमध्ये तुम्ही बघा न बघा, पैसे दर महिन्याला चॅनेलकडे जायचे. न बघणारे लोक बघणाऱ्यांचं बिल भरायचे. टीसीएम आजही त्यावरच उभं आहे. थेट वर्गणी ठेवली तर फक्त वेडे उरतात, आणि वेड्यांची संख्या परवान्याला पुरत नाही. म्हणून पिट्सबर्गकर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते लिहिताना मला वाईट वाटतंय.

पिंपळपान

तोवर पूर्ण भाग बघायचे असतील तर पब्लिक लायब्ररी. डीव्हीडीचे संच आहेत, फुकट आहेत, आणि कोणी नेत नाहीत म्हणून काही ठिकाणी काढून टाकायला लागलेत. फक्त एक बघून घ्या, संगीताचे हक्क न मिळाल्यामुळे काही संचांत मूळ गाणी बदललेली असतात. डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटीचा पहिला संच त्यासाठी बदनाम आहे. रेडिओ स्टेशनवरची मालिका, आणि तिच्यातलीच गाणी बदललेली. बॉक्सच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचून मगच घरी आणा.

अपर्णा_न

पिंपळपान, अँडी ग्रिफिथचा संच पूर्ण लांबीचा मिळतो का? आमच्या लायब्ररीत दुसऱ्या गावाहून मागवायची सोय आहे, आईसाठी आत्ताच नंबर लावते.

पिंपळपान

हो, मिळतो, मी पाहिलाय तो पूर्ण लांबीचा आहे. पहिल्या पाच वर्षांचा मागवा, कृष्णधवल. विनोदी नट डॉन नॉट्स त्याच वर्षांत आहे.